स्थानिक निर्देशक पद्धती : सांत घटक पद्धती व संरचनांचे इष्टतमीकरण यांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित दुवा

फायनाइट एलिमेंट मेथड अर्थात सांत घटक पद्धतीचा इतिहास बहुधा त्रिकोणाकृती घटकापासून व संगणकाच्या आगमनापासून सांगितला जातो. घटकाच्या स्वतःच्या अक्षांवर, म्हणजे स्थानिक निर्देशक पद्धतीवर, त्यात एखादेच वाक्य खर्ची पडते. वर्गातही ‘रूपांतरण मॅट्रिक्स’ हा परीक्षेपुरता पाठ करण्याचा भाग ठरतो. प्रस्तुत निबंधात या अक्षांचा मागोवा घेतला असून, संरचनांच्या इष्टतमीकरणातील एका मूलभूत अडचणीचे कारण त्यांतच सापडते, असे प्रतिपादन केले आहे.

१९५२ व १९५३ च्या उन्हाळ्यात रे क्लफ हे बोइंग कंपनीत टर्नर यांच्या गटात काम करीत होते. सरळ पंख तुळईसारखा मानून त्याचे विश्लेषण करता येई. डेल्टा पंखाला ते गृहीत लागू पडेना. टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांच्या १९५६ च्या लेखात संरचनेचे तुकडे करून प्रत्येकाची ताठरता मांडली व मग त्यांची बेरीज केली. यातील मर्म कैचीच्या साध्या दांड्यावरून स्पष्ट होते. स्वतःच्या अक्षावर दांड्याची ताठरता एकाच संख्येत मावते : स्थितिस्थापकता गुणांक गुणिले छेदक्षेत्र, भागिले लांबी. हाच दांडा ६० अंशांत कलता ठेवला की सामाईक अक्षांवर त्या संख्येचे ०.२५, ०.७५ व ०.४३३ असे वाटे पडतात. पदार्थाचा गुणधर्म आणि मांडणीची भूमिती यांची ही फारकत हेच स्थानिक अक्षांचे खरे कार्य होय.

टेग यांनी १९६१ मध्ये चौकोनी घटकासाठी –१ ते +१ या मर्यादेतील निर्देशक वापरले व १९६६ मध्ये आयर्न्झ यांनी ती कल्पना वक्र कडांच्या घटकांपर्यंत व्यापक केली. वेड्यावाकड्या घटकाचे गणित आता एका प्रमाणबद्ध चौरसात करता येऊ लागले.

१९६० साली पिट्सबर्ग येथील संगणनविषयक परिषदेत क्लफ यांनी ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव रूढ करणारा निबंध सादर केला. त्याच परिषदेत श्मिट यांनी संरचनेचे विश्लेषण व गणिती इष्टतमीकरण यांची सांगड घातली. हा योगायोग आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच नोंदवला जातो.

आरंभी केवळ छेदक्षेत्रे बदलली जात. तेव्हा स्थानिक अक्ष स्थिर राहत आणि ताठरतेचा विकलज सहज मिळे. मात्र सांध्यांची जागाच बदलू लागली की दांड्याची लांबी बदलते आणि अक्षही फिरतात. त्यामुळे रूपांतरण मॅट्रिक्सचाही विकलज घ्यावा लागतो. तो वगळल्यास संवेदनशीलतेचे उत्तर चुकते, आणि वाईट असे की संगणक तक्रार न करता चुकीच्या दिशेने सुधारणा करीत राहतो. झिंकिविच व कॅम्पबेल यांनी १९७३ मध्ये सांध्यांचे निर्देशक हीच अभिकल्पाची चले मानली. परंतु या मार्गाने कडा दातेरी होण्याचा धोका असतो. ब्रेबाँ व फ्लरी यांनी १९८४ मध्ये बी-स्प्लाइन वक्राचे नियंत्रणबिंदू चले म्हणून घेतले. मुक्त बिंदूंऐवजी वक्राचा स्वतःचा प्राचल वापरण्याची ही युक्ती टेग-आयर्न्झ परंपरेशीच नाते सांगते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तंतुयुक्त पदार्थांत तर अक्षाचा कोनच चल बनला. मिचेल यांनी १९०४ मध्येच न्यूनतम वजनाच्या चौकटीचे दांडे मुख्य विकृतींच्या दिशेने असावेत असे दाखविले होते. पेडरसन यांनी १९८९ मध्ये तंतूंच्या इष्ट कोनाचा प्रश्न अशाच मुख्य विकृतींच्या आधारे हाताळला. तथापि कोनाच्या फलनाला अनेक स्थानिक टोके असल्याने शोध भलत्याच ठिकाणी अडकतो. म्हणून स्टेगमन व लुंड यांनी २००५ मध्ये अखंड कोन सोडून ठरावीक कोनांच्या पर्यायांना भार देण्याची पद्धत मांडली.