दास्याचा करार आणि स्वामिनीची संमती

ऑस्ट्रियन कादंबरीकार लेओपोल्ड फॉन झाखर-माझोख आणि फॅनी पिस्टोर यांच्यात डिसेंबर १८६९ मध्ये एक लेखी करार झाला. सहा महिने तिचे दास्य पत्करण्याचे वचन त्याने त्यात दिले. पुढल्या वर्षीच्या ‘व्हेनुस इम पेल्त्स’ (फर ल्यालेली व्हीनस) या कादंबरीची पूर्वतयारी म्हणून हा दस्तऐवज वाचला जातो; परंतु त्यातील अपवादांची कलमे अधिक बोलकी आहेत. पुरुष व नागरिक म्हणून त्याला कलंक लागेल असे कृत्य तिने करवून घ्यावयाचे नाही. लेखनासाठी रोज सहा तास द्यावयाचे. त्याची पत्रे व हस्तलिखिते वाचावयाची नाहीत. क्रूर वागताना तिने फरची वस्त्रे ल्यावीत, हेही त्यातच! दासाने स्वामिनीवर घातलेली ही बंधने होत.

१८११ च्या ऑस्ट्रियन नागरी संहितेने गुलामगिरीस मनाई केली होती आणि त्याच संहितेने पतीस कुटुंबप्रमुख ठरविले होते. कायद्याच्या दृष्टीने करार निरर्थकच. त्याचा अर्थ विवाहसंस्थेच्या उलट्या प्रतिमेत शोधावा लागतो. क्राफ्ट-एबिंगने १८९० मध्ये, माझोख हयात असतानाच, त्याचे नाव एका विकृतीला दिले आणि करार लक्षणात जमा झाला. जिल देल्यूझने १९६७ मध्ये त्याला पुन्हा साहित्यात आणले. सादचे विश्व संस्थेचे, माझोखचे कराराचे, आणि येथे पीडितच पीडकाला घडवितो, ही त्याची मांडणी मूलगामी आहे. मात्र जिला घडविले जाते त्या स्त्रीच्या संमतीचा प्रश्न तीत मागे पडतो.

तो प्रश्न वांडाच्या १९०६ च्या आत्मकथनात उभा राहतो. आउरोरा र्‍यूमेलिनचा माझोखशी १८७३ मध्ये विवाह झाला. वांडा हे नावदेखील त्याच्या नायिकेचे. या दोघांतील करारात ना मुदत, ना लेखनाचे तास. दासाच्या प्राणावरही स्वामिनीचा अधिकार. कागदावरील सत्ता संपूर्णपणे तिची. आत्मकथनात मात्र फर, चाबूक आणि परपुरुषाशी संबंध यांसाठी पतीने लावलेल्या तगाद्याची हकीकत येते. माझोखच्या कैवाऱ्यांनी तिला खोटी ठरविली. तिच्या कथनात अतिशयोक्ती असेलही. पण ती मान्य करूनही दोन करारांतील अंतर उरतेच. पिस्टोरचा करार सहा महिन्यांनी आपोआप संपणारा होता. वांडा ज्या नात्यात स्वामिनी झाली, त्याच नात्यात ती कायद्याने पतीच्या अधीन, मुलांच्या भाकरीसाठी त्याच्यावर अवलंबून होती, आणि स्वामिनीपण नाकारण्याची सोय कोणत्याही कलमात नव्हती.