चूक हाताची कीं यंत्राची ?

यंत्र बिघडलें म्हणजे आपण यंत्रास दोष देतों. परंतु यंत्र धड असून काम बिघडलें, कीं तो दोष चालविणाऱ्या माणसाच्या माथीं येतो. हा न्याय वरवर पाहतां सरळ दिसतो. तथापि गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास चाळला, तर या खटल्यांत एक तिसरा आरोपीही असल्याचें आढळून येतें. तो म्हणजे यंत्राच्या कळा व बटणें यांची मांडणी ठरविणारा रचनाकार. त्याची चौकशी कशी सुरू झाली, हें पाहणें बोधप्रद होईल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेच्या वायुसेनेंत एक चमत्कारिक अपघात वारंवार घडूं लागला. बी-१७, बी-२५ व पी-४७ या जातींचीं विमानें सुखरूप जमिनीवर उतरत, आणि तीं धांवपट्टीवर असतांनाच वैमानिक त्यांचीं चाकें वर ओढून घेई ! विमान पोटावर आदळे. चौकशीचा निकाल ठरलेला असे : वैमानिकाची चूक. १९४३ सालीं ओहायो संस्थानांतील राइट फील्ड येथील प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या आल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे हा प्रश्न आला. त्याच्या असें ध्यानांत आलें कीं, चाकें वर घेण्याची कळ आणि पंखांच्या मागील फळ्या मिटण्याची कळ या दोन्ही शेजारीं शेजारीं असून दिसण्यांत जवळजवळ एकसारख्या आहेत. विमान उतरल्यावर फळ्या मिटावयाच्या असतात. थकलेला हात चुकून शेजारच्या कळेवर पडे. सी-४७ विमानांत या दोन कळांची मांडणी निराळी होती, आणि तेथें असले अपघात होत नव्हते. वैमानिक त्याच सेनेचे, त्यांचें शिक्षणही तेंच. फरक काय तो मांडणीचा!

चापानिसनें योजिलेला उपाय अगदीं साधा होता. चाकांच्या कळेच्या टोंकास त्यानें रबराचें एक इवलेसें चाक बसविलें, व फळ्यांच्या कळेस पाचरीच्या आकाराचें टोंक दिलें. आतां अंधारांतही हात जें धरी तें ओळखूं शके, आणि ते अपघात थांबले. वाहतूक-विमानांत चाकांची मूठ चाकाच्या आकाराची व फळ्यांची मूठ पंखाच्या आकाराची असावी, असा नियम अमेरिकेंत आजही आहे. पुढें १९४७ सालीं पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनीं वैमानिकांच्या अशा ४६० चुकांची छाननी केली, तेव्हां त्यांपैकीं जवळजवळ निम्म्या चुका एक कळ दुसरी समजून हाताळल्यामुळें झालेल्या निघाल्या. माणूस चुकतो हें खरें. पण तो कोठें चुकणार हें पुष्कळदां अगोदरच ठरून गेलेलें असतें.

युद्ध संपल्यावर हा विचार आकाशांतून स्वयंपाकघरांत उतरला. चार बर्नर दोन रांगांत आणि पुढें चार बटणें एका ओळींत, अशी शेगडी आपल्या परिचयाची आहे. दूध ठेवावें एका बर्नरवर, मंद करावा दुसराच, आणि दूध उतूं गेल्यावर बोल मात्र गृहिणीनें खावा ! १९५९ सालीं चापानिस व लिंडनबॉम यांनीं अशा शेगडीच्या चार निरनिराळ्या रचना करून प्रयोग केले. एका रचनेंत मागचे बर्नर पुढच्यांच्या ओळींतून किंचित् बाजूस सरकविलेले होते. त्यामुळें बर्नर व बटणें यांचा क्रम डावीकडून उजवीकडे एकच झाला. या रचनेवर १२०० वेळां प्रयोग करूनही एकही चूक झाली नाहीं. उरलेल्या तिन्ही रचनांवर चुका झाल्या. आपल्या साध्या दोन बर्नरांच्या शेगडीवर ज्याचें बटण त्याच्याच खालीं असतें, म्हणून तेथें कोणाचा गोंधळ उडत नाहीं. चार बर्नरांच्या शेगडीवर मात्र बटणापाशीं बारीक खुणा कोराव्या लागतात. जेथें खूण वाचल्यावांचून हात पुढें जाऊं शकत नाहीं, तेथें रचना फसली असें खुशाल समजावें.

संगणकाच्या जगांतही हीच कथा पुन्हा घडली. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत १९७४ सालीं ‘ब्राव्हो’ नांवाची लेखनप्रणाली तयार झाली. ती मोठी कर्तबगार होती. परंतु तींत कळफलकाच्या दोन अवस्था असत. एका अवस्थेंत कळ दाबली असतां अक्षर उमटे. दुसरींत तीच कळ हुकूम होई. हुकुमाच्या अवस्थेचें भान न राहून एखाद्यानें ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द लिहावयास घेतला, तर त्याच्या पहिल्या अक्षरानें सर्व मजकूर निवडला जाई, दुसऱ्यानें तो पुसला जाई, तिसऱ्यानें नवीन मजकूर घेण्यास आरंभ होई, आणि सबंध लेखाच्या जागीं एकटें ‘टी’ हें अक्षर उभें राही ! लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनीं लौकरच ‘जिप्सी’ नांवाची दुसरी प्रणाली रचिली. पुस्तकांचें संपादन करणारीं माणसें कागदावर कशीं काम करतात हें अगोदर पाहून ती बेतलेली होती. अवस्थांचा हा सापळा तींत त्यांनीं टाळला. मजकूर कापून दुसरीकडे चिकटविण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, तिचा पायाही तेथेंच घातला गेला.

यावर कोणी म्हणेल कीं, कोणतीही विद्या श्रमावांचून येत नाहीं. मग यंत्रानेंच एवढें लवून कां वागावें? आक्षेप रास्त आहे. सतार अवघड आहे म्हणून तिच्या कारागिरास कोणी नांवें ठेवीत नाहीं, कारण तेथें अवघडपणा खुद्द कलेचा असतो. परंतु पैसे पाठविणें, तिकीट काढणें किंवा धुलाईयंत्र चालू करणें ही कांहीं कला नव्हे. तेथें जो अवघडपणा येतो तो बव्हंशीं दुसऱ्या कोणाच्या निष्काळजीपणाचा असतो.

आज घरोघरीं वडील माणसें भ्रमणध्वनीवरील एखाद्या बटणापुढें थबकतात, आणि “आम्हांला यांतलें कांहीं कळत नाहीं” असें ओशाळून म्हणतात. ज्यांनीं आयुष्यभर हिशेब चोख ठेवले व संसार नेटके केले, त्यांची बुद्धि एकाएकीं मंद झाली असें मानण्याचें कांहीं कारण नाहीं. युद्धांतील त्या वैमानिकांनाही प्रथम असेंच दोषी धरलें होतें. म्हणून घरांतील वडिलांचा हात चुकला, तर तरुणांनीं त्यांजवर हंसण्यापूर्वीं त्या बटणाकडे एकवार नीट पाहावें.