आयुष्यभराचं तेल

गेल्या उन्हाळ्यात माझी जुनी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली होती. गाडी ऑटोमॅटिक आहे, क्लच नाही, गिअर आपले आपण बदलतात. डाव्या गुडघ्यानं संप पुकारल्यावर सेकंडहँड घेतलेली. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, गिअरबॉक्सचं तेल बदलून द्या. तो म्हणाला, "सर, ते लाइफटाइम असतं." मी विचारलं, "कुणाच्या लाइफटाइमचं? माझ्या की गाडीच्या?" तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. मग मी या तेलाचा इतिहासच वाचायला घेतला. त्यात देवमासा भेटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

कहाणी अमेरिकेतली आहे. जनरल मोटर्सनं १९३९ मध्ये, १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी, 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स आणला. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात तो रणगाड्यांतही बसला. साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचं मुख्य काम म्हणजे दाते झिजू न देणं. इथं इंजिनाची ताकद तेलातून पुढं जाते, तेलाच्या दाबानं क्लचच्या चकत्या आवळल्या जातात आणि उष्णताही तेलच वाहून नेतं. अडचण चकत्यांची असते. तेल फार निसरडं झालं तर त्या घसरतात, निसरडेपणा कमी पडला तर गाडी धक्के देते. मधला नेमका बिंदू साधायला त्या काळच्या तेलांत स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल मिसळत. समुद्रातलं ते अजस्र जनावर मारायचं, कशासाठी, तर डेट्रॉइटच्या गाडीनं गिअर बदलताना आतल्या माणसाला हिसका बसू नये म्हणून!

१९४९ मध्ये जनरल मोटर्सनं 'टाइप ए' नावानं या तेलाचं प्रमाण ठरवून दिलं. तेलाला लाल रंग दिला गेला, अगदी रुहअफजासारखा. गाडीखाली थेंब दिसला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा, हे पाहताक्षणी कळावं. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत सभ्य गोष्ट वाटते. मालकाला कळावं, एवढाच तिचा हेतू. बॉनेट उघडलं की गिअरबॉक्सची डिपस्टिक हाताला लागे. प्रमाण ठरलेलं असल्यानं वेगवेगळ्या तेल कंपन्या ते तेल बनवत. रविवारी सकाळी गाडीखाली शिरून मालक स्वतःच ते बदलत. त्या वेळच्या अनेक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरलाही तळाशी बोल्ट असे, त्यामुळं जवळजवळ सगळं जुनं तेल निघे. पुढं तो बोल्ट बहुतेक ठिकाणी गेला. आता तळाचं चेंबर रिकामं केलं तरी बरंचसं तेल आतच राहतं.

१९७० मध्ये अमेरिकेनं स्पर्म व्हेलला नामशेष होण्याच्या मार्गावरच्या प्राण्यांत धरलं आणि ते तेल मिळेनासं झालं. रसायनतज्ज्ञांनी नवी पाककृती बसवली. पण 'डेक्स्रॉन टू' या नव्या तेलाच्या पहिल्या रूपानं तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे जोड गंजवायला सुरुवात केली, आणि काही वर्षांतच ते सुधारून काढावं लागलं. देवमाशाची हाय लागली, असं आमची आजी म्हणाली असती.

याच सुमारास दुसरा प्रश्न न्यायाच्या दारात आला. तेल विक्रेत्याकडंच बदललं नाही तर गॅरंटी रद्द, असं कंपनी म्हणू शकते का? १९७५ मधल्या मॅग्नसन-मॉस कायद्यानं साधारणपणे नाही असं उत्तर दिलं. सेवा फुकट देणार नसाल तर ती तुमच्याकडूनच घेण्याची सक्ती नको. त्या कायद्यावर सही करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचं नाव फोर्ड होतं, हा योगायोग!

पण कायद्यानं उघडलेलं दार पाना-पक्कडीनं बंद करता येतं. नव्वदच्या दशकापासून एकेका गाडीतून गिअरबॉक्सची डिपस्टिक गायब होत गेली आणि पुस्तिकांत 'लाइफटाइम' हा शब्द आला. गंमत अशी, की अनेक नामांकित गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः सांगते, तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांनी किंवा ८ वर्षांनी बदला. त्यासाठी लागणारं साहित्यही तीच विकते. आपल्याकडं हा झगडा सुट्या भागांवरून पेटला. गॅरेजवाल्यांना अस्सल भाग आणि तांत्रिक माहिती मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

तरीही स्वतःच गाडीखाली शिरा, असं मी कुणाला सांगणार नाही. चुकीच्या प्रतीचं तेल गिअरबॉक्स खाऊन टाकतं, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाणं हा वेडेपणा आहे. मी गल्लीतल्या मिस्त्रीकडं गेलो. पुस्तिकेत छापलेल्या नेमक्या प्रतीचं तेल नेलं होतं. चेंबरचा बोल्ट काढल्यावर निघालेलं तेल लाल नव्हतं, उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखं होतं. त्यानं ते मापाच्या बादलीत मोजलं आणि तेवढंच नवं पंपानं भरलं. मग इंजिन चालू ठेवून, तेल पुस्तिकेतल्या तापमानाला येईपर्यंत आम्ही दोघं थांबलो. पातळीचा बोल्ट उघडला. धार आली, बारीक झाली, थेंबावर आली, तेव्हा त्यानं बोल्ट आवळला.

"चाचा," तो म्हणाला, "अर्धं जुनं आतच आहे. पाच हजार किलोमीटर चालवा आणि परत या."

दिवाळीनंतर जाऊन आलो. या खेपेला बादलीत थोडी लाली दिसली.