केंद्र आणि सेंटर

भूमितीच्या तासाला विद्यार्थी कंपासचे टोक कागदावर रोवतो आणि त्या बिंदूला ‘केंद्र’ म्हणतो. मग तो धारच्या शाळेतील असो वा पुण्याच्या. इंग्रजी शाळेतील मुलगा त्यालाच ‘सेंटर’ म्हणतो. पहिला शब्द शुद्ध संस्कृत आणि दुसरा परका, अशी दोघांचीही समजूत असते. वस्तुतः ही सख्खी भावंडे होत. ग्रीक भाषेत ‘केंत्रॉन’ म्हणजे अणकुचीदार टोक, बैलाला टोचावयाची पराणी, आणि पुढे कंपासचे रोवलेले टोक. हा शब्द लॅटिनच्या वाटेने इंग्रजीत गेला आणि ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला.

असे शब्द ज्या वाटांनी आले, त्यांतील एक वाट माळव्याची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात उज्जयिनीचा माल भडोचला उतरत असल्याचे वर्णन आहे. भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी येत. त्या नाण्याचे लॅटिन नाव ‘देनारियस’. पुढे गुप्तकाळी, सन ४१२ च्या सुमारास, अम्रकार्दव नामक अधिकाऱ्याने सांचीच्या भिक्षुसंघाला २५ ‘दीनार’ दिल्याचे तेथील शिलालेख सांगतो. इंग्रज लोक पेनीसाठी १९७१ पर्यंत ‘डी’ हे अक्षर लिहीत, तेही याच नाण्याचे आद्याक्षर. ग्रीक ‘द्राख्मे’चा ‘द्रम्म’ झाला, परमारांच्या काळी लेखांत तो दिसतो, आणि मराठीत त्याचा ‘दाम’ उरला. ‘दाम करी काम’ म्हणणाऱ्याच्या हे स्वप्नीही नसते. खाणीतला ‘सुरुंग’ आणि डॉक्टरांची ‘सिरिंज’ यांचे मूळही एकच, ‘पोकळ नळी’ या अर्थाचा ग्रीक शब्द, असे भाषापंडित मानतात.

तथापि खरी मौज ‘होरा’ या शब्दाची. ग्रीक ‘होरा’ म्हणजे काळाचा ठराविक भाग. इंग्रजी ‘अवर’ त्याच्यापासूनच झाला. सहाव्या शतकात अवंतीत राहणाऱ्या वराहमिहिराला यवनांचे ऋण मुळीच लपवावेसे वाटले नाही. यवन म्लेच्छ खरे, परंतु हे शास्त्र त्यांच्यापाशी असल्याने ते ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, असे वचन त्याने आपल्या ग्रंथात घेतले आहे. परंतु ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गाळले की ‘होरा’ सिद्ध होतो, हे काहींचे मतही त्यानेच नोंदविले. म्हणजे पाहुण्याला घरचे गोत्र देण्याची खटपट तेव्हाच सुरू झाली होती! शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात यवनांच्या ऋणाची विस्ताराने छाननी केली आहे.

वराहमिहिरानंतर सुमारे पाच शतकांनी धारानगरीत भोजराजाच्या नावे ‘राजमृगांक’ हा ज्योतिषगणिताचा ग्रंथ झाला. त्याचा आरंभ शके ९६४, म्हणजे सन १०४२, चा. अशा गणितात ‘केंद्र’ या शब्दावाचून पाऊल पुढे पडत नाही. धारमध्ये भोजशाळा व कमाल मौला मशीद या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत परमारकालीन नागबंध लेख आहेत. सर्पाच्या वेटोळ्यांत तेथे वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय कोरलेले दिसतात. परक्या शब्दांना घरचे केले ते अशाच प्रत्ययांनी. ‘केंत्रॉन’चे एकदा ‘केंद्र’ झाले, की ‘फल’ शब्दाप्रमाणे ते सर्व विभक्तींत चालू लागले. ‘केंद्रीय’, ‘केंद्रित’, ‘विकेंद्रीकरण’ हे शब्द त्याच घराण्यातले.