वेडे रोप, कण्हणारा नदीकाठ आणि गहू

१/ साल १९२६. फॉर्मोसा, म्हणजे आजचे तैवान, तेव्हा जपानच्या ताब्यात होते. भातखाचरांत काही रोपे एकाएकी उंच, फिकट आणि किडकिडीत होत व बहुधा दाणा न भरताच मरत. जपानी शेतकऱ्यांनी त्यांना नाव दिले होते 'बाकानाए', वेडे रोप.

२/ एइचि कुरोसावा यांनी या रोगाची बुरशी द्रवात वाढवली, मग ती पुरती गाळून काढली आणि उरलेला द्रव निरोगी रोपांना दिला. तीही तशीच उंच झाली! बुरशीने स्रवलेल्या द्रव्याची ती करामत होती. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला 'जिबरेलिन' म्हटले. (नाशिकचे द्राक्षबागायतदार ज्याला 'जीए' म्हणतात, ते याच कुळातले.)

३/ आता तोयामा प्रांतातील जिंझू नदीच्या काठी येऊ. वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण होती. तिच्या सांडपाण्यातील कॅडमियम नदीत, नदीतून भातखाचरांत आणि तेथून ताटात पोहोचले. रुग्ण बहुतांशी उतारवयाकडे झुकलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया. त्यांची हाडे इतकी ठिसूळ होत की खोकल्यानेही मोडत. 'इताई, इताई' म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'; त्या कण्हण्यावरूनच रोगाचे नाव पडले. डॉ. नोबोरू हागिनो यांनी खाणीकडे बोट दाखवले, तरी शासनाची मान्यता १९६८ मध्ये आली. १९७१ मध्ये न्यायालयाने खाणकंपनीला जबाबदार धरले.

४/ या दोन कथा आज गव्हाच्या शेतात एकत्र येतात. फॉस्फेट खते आणि दूषित पाणी यांतून कॅडमियम तेथेही पोहोचते. जस्त, कॅल्शियम ज्या वाटांनी मुळांत शिरतात, त्याच वाटांनी तेही शिरते. मुळे खुंटतात, पाने पिवळी पडतात. बियाणे जिबरेलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात भिजवले, वा पानांवर फवारणी केली, तर रोपाची प्रतिऑक्सिडीकारक विकरे सक्रिय होतात आणि वाढ सावरते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे.

५/ पण रोप सावरले म्हणजे खाणारा वाचला, असे मानणे मला धोक्याचे वाटते. कॅडमियम साठलेला दाणा दिसायला निरोगीच असतो. काही प्रयोगांत दाण्यातील कॅडमियमही घटले आहे. असे संशोधन वाचताना रोपाच्या उंचीआधी मी तोच आकडा शोधतो.

६/ जिंझूकाठी मात्र मातीच बदलावी लागली. १९७९ मध्ये सुरू झालेले, आठशेहून अधिक हेक्टरांवरचे ते काम २०१२ मध्ये संपले.