एकटीचा संसार आणि कामाचा हक्क



इतिहासाच्या व्याख्यानात आपण बहुधा राजे, लढाया आणि तह ऐकतो. सातारा-सांगली म्हटले की छत्रपतींची गादी, पटवर्धनांचे संस्थान आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार हे विषय ओघाने येतातच. मी आज ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे, त्याची बखर कोणी लिहिली नाही. नवरा वारलेली, नवऱ्याने टाकलेली, किंवा परमुलुखी गेलेला नवरा परत न आलेली बाई दोन-तीन लेकरे घेऊन तुटपुंज्या मजुरीवर संसार कसा चालवते, हा तो इतिहास होय. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि मजुरांच्या हजेरीपत्रकांवर जास्त झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. हिशेब मात्र चोख देण्याचा प्रयत्न करीन.

प्रश्न साधा आहे. ही बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते, तरी महिनाअखेर तिची चूल का अडते? ती काम कमी करते म्हणून नव्हे. आपल्या खेड्यातला सगळा व्यवहार जोडप्याच्या मापाने बेतलेला आहे, आणि ती एकटी आहे. तिचा निम्मा तोटा तिथेच झालेला असतो.

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. पण पावसाने या मुलखाची वाटणी त्याच्या कितीतरी आधी केली होती. एकीकडे कृष्णाकाठची काळी जमीन, तर दुसरीकडे माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा कोरडा पट्टा. पश्चिमेच्या डोंगरात पाऊस उदंड, पण शेत तुकड्या-तुकड्यांचे. म्हणून जावळी-पाटणचा काय किंवा माणचा काय, तरुण माणूस मुंबईच्या गिरणीत गेला आणि घर मनिऑर्डरीवर चालू लागले. कागदावर सौभाग्यवती असलेल्या हजारो बाया वर्षातले दहा-अकरा महिने एकट्यानेच लेकरे वाढवीत होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबला, मोडला, आणि मनिऑर्डरी बंद झाल्या. त्या संपाचे पुष्कळ विवेचन झाले आहे. पण पोस्टमन दारावरून पुढे निघून गेल्यावर त्या घरातल्या बाईने संध्याकाळचे पीठ कुठून आणले, हे त्यात क्वचितच येते.

नवरा गेला तर कायद्याचा आधार नव्हता असे नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला. पण सातबाऱ्यावर तिचे नाव चढायचे ते दिरा-भावांच्या मर्जीने. टाकलेल्या बाईचे हाल त्याहून वाईट. नवरा जिवंत असल्यामुळे वारसा नाही, आणि पोटगीसाठी कोर्टाची पायरी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर पोटगीची कमाल मर्यादाच महिना ५०० रुपये घातलेली होती. ती पदरात पडेपर्यंत तारखांना जाण्यासाठी जे एस. टी. भाडे लागे आणि जी रोजी बुडे, तिचा हिशेब कोण करतो?

बरे, मजुरीला जावे तर तिथेही तेच माप. कृष्णाकाठी साखर कारखाने उभे राहिले, त्यांनी या भागाचे रूप पालटले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ऊस तोडणीचे माप कोणते? तर कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. नवऱ्याने तोडायचे, बायकोने मोळी बांधून वाहायची. एकटी बाई त्या हिशेबात अर्धा कोयता ठरते. मग ती उरलेला अर्धा कुठून आणणार? भावाला विनवते, नाहीतर बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शाळेतून काढून फडात उभा करते. मुलगा शिकला नाही याचा दोष आपण आईच्या अडाणीपणाला देतो. तो दोष त्या मापाचा आहे.

आणि माप बदलले की काय होते? याचे एक उदाहरण आपल्याच भागातले आहे. वाळवा तालुक्यातील कासेगावच्या इंदुताई पाटणकर या प्रतिसरकारच्या लढ्यातल्या कार्यकर्त्या. त्यांचे पती बाबूजी पाटणकर यांचा १९५२ साली खून झाला, तेव्हा मुलगा भारत अवघ्या तीन वर्षांचा होता. इंदुताईंनी शिक्षिकेची नोकरी करून त्याला वाढवले. तो डॉक्टर झाला आणि पुढे कष्टकऱ्यांच्या चळवळीत पडला. धैर्य तर त्यांच्यापाशी होतेच. पण दरमहा स्वतःच्या नावावर येणारा पगारही होता. धैर्य आपल्या भागातल्या पुष्कळ बायांपाशी आहे. दुसरी गोष्ट नाही. पुढे १९८० नंतरच्या काळात इंदुताई आणि त्यांच्या सून गेल ऑम्व्हेट स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांच्या बाजूने उभ्या राहिल्या, यात मला मोठी संगती दिसते.

शिक्षिकेची नोकरी प्रत्येकीला मिळणार नाही. मग अक्षरशत्रू, भूमिहीन, एकट्या बाईने काय करावे? याचे उत्तर हिंदुस्थानात प्रथम शोधले गेले ते याच मातीत. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्याचे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य असले पाहिजे, हा विचार त्यांनी मांडला, आणि साठीच्या दशकात तासगाव तालुक्यातील विसापूरच्या परिसरात तो करून पाहिला गेला. मग १९७२ चा दुष्काळ आला. आमच्या आधीच्या पिढीने तो अंगावर काढला. रेशनवर मिलो आणि कामावर सुकडी, हे शब्द अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती, आणि खडी फोडणाऱ्यांत बायांचा भरणा मोठा होता. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याकडे एकटीच्या डोळ्यांनी पाहा. काम मागणारी सज्ञान व्यक्ती, एवढीच त्याची अट. तुझा नवरा कुठे आहे, हा प्रश्न त्यात नाही. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम. ते न दिल्यास दिवसाला निदान एक रुपया बेकारभत्ता. दर कामावर, तेव्हा पुरुष-बाई भेद नाही. कामाच्या जागी पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय. पुष्कळ ठिकाणी ही सोय कागदावरच राहिली, पगार आठवड्याऐवजी महिन्याने झाले, मोजणीत मातीचे आकारमान घटले. या सगळ्यासाठी आम्ही तहसील कचेऱ्यांवर बसलो आहोत. एक अडचण मूळचीच होती. एकाने खणायचे आणि दुसऱ्याने घमेले वाहायचे, म्हणजे इथेही जोडी आलीच. पण २००३ च्या दुष्काळात पूर्व भागातल्या कामांवर मी पाहिले, की विधवा आणि परित्यक्ता मिळून आपली टोळी करीत. दोघी खणत, दोघी वाहत, पाचवी सगळ्यांची पोरे बाभळीखाली सांभाळी, आणि मजुरी पाच जणींत वाटली जाई. मापातली खोट त्यांनीच काढून टाकली.

२००५ साली देशाने हा विचार उचलला, ही आपल्याला भूषणाची गोष्ट. पण केंद्राच्या कायद्यात हमी कुटुंबाला मिळाली, वर्षाला १०० दिवस. भावाच्या घरी राहणाऱ्या परित्यक्तेचे नाव भावाच्याच कार्डावर चढले, की तिचे दिवसही वाटले गेले. महाराष्ट्राने पुढच्या दिवसांचा खर्च स्वतः उचलण्याची सोय ठेवली, तरी काम माणसाला की कुटुंबाला, हा फरक एकटीच्या बाबतीत लहान नाही.

मग अनुदान पुरेल का? संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. तिने पुष्कळ घरांना हात दिला, ती नको असे कोणी म्हणू नये. २०२३ साली तिची रक्कम महिना १५०० रुपये झाली. म्हणजे दिवसाला ५०. आई आणि दोन मुले धरली तर माणशी १७ रुपयेसुद्धा नाहीत. आणि वर्षानुवर्षे उत्पन्नाची अट होती वर्षाला २१,००० रुपयांची. महिन्याला पडले १७५०. याहून जास्त कमावले तर ती निराधार नव्हे, असे कागद म्हणतो! जी बाई हातपाय हलवून थोडे जास्त मिळवील, तिने ते लपवावे, अशी ही रचना. अनुदान तिला आपली दैना सिद्ध करायला लावते. कामाचा हक्क तिच्याकडून फक्त काम मागतो. दोन्ही लागतात. म्हातारपणी, आजारात, मूल अंगावर पिते तेव्हा अनुदानच हवे. परंतु एकाच्या जागी दुसरे देऊन भागत नाही.

आपण शहरातले श्रोते म्हणाल, यात आमचा काय संबंध? आपल्यापैकी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो. तो १९७५ साली बसवला गेला तो रोजगार हमीसाठी, आणि तेवढीच भर सरकारने घालायची असे ठरले. म्हणजे माणच्या बंधाऱ्यावर घमेले उचललेल्या बाईच्या मजुरीत सांगलीच्या कारकुनाचाही पैसा होता. इतका सरळ नात्याचा कर मला दुसरा ठाऊक नाही. तो कुठे खर्च होतो, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

दुसरा संबंध याहून जवळचा. बाजारपेठेत हळद निवडणाऱ्या, आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बायांत एकट्या आया किती, हे आपण मोजलेले नाही. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. पण पुरुषाच्या कामाला एक नाव आणि बाईच्या कामाला दुसरे दिले, की दर वेगळा ठेवता येतो. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्राने २००८ साली केला. आपल्या घरच्या मोलकरणीची तिथे नोंद आहे का, तिला आठवड्याची भरपगारी सुट्टी आहे का, मूल आजारी पडल्यावर खाडा धरला जातो का, एवढे तरी आज घरी गेल्यावर पाहावे. सरकारने माप बदलावे अशी मागणी आम्ही करूच. आपल्या उंबऱ्याच्या आतले माप बदलायला मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.