चॅटमधला मेसेज डिलीट केला, पण तिकिटातला? ऑफिसच्या चॅटचा डेटा कुठे राहतो आणि कधी जातो

कस्टमर सपोर्टच्या नोकरीत असताना मी एकदा ग्राहकाच्या पॅन कार्डचा फोटो टीमच्या चॅटवर टाकला. चूक लक्षात येताच डिलीट केला आणि वाटलं, सुटलो! दोन दिवसांनी तोच फोटो सपोर्टच्या तिकिटात जसाच्या तसा दिसला. मी डिलीट करण्याआधीच सहकाऱ्याने त्या मेसेजवरून तिकीट बनवलं होतं.

असं का होतं?

तिकीट म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीची सॉफ्टवेअरमधली नोंद. झेनडेस्क, फ्रेशडेस्क ही अशा सॉफ्टवेअरची ओळखीची नावं. स्लॅकसारखं चॅट ॲप त्यांना जोडलं की मेसेजवरून थेट तिकीट बनवता येतं. पण त्या वेळी मजकुराची कॉपी सपोर्ट सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर जाते. म्हणजे मेसेज एक, प्रती दोन आणि प्रत्येकीचे नियम वेगळे.

स्लॅकमध्ये काय होतं?

पेड प्लॅनमध्ये कंपनीने काही बदल केला नाही, तर वर्कस्पेस असेपर्यंत मेसेज राहतात. ठरावीक दिवसांनी ते आपोआप जावेत, असं ॲडमिन ठरवू शकतो. एडिट आणि डिलीट केलेल्या मेसेजची नोंद ठेवायची सेटिंगही असते. ती चालू असेल तर तुम्ही पुसलेला मेसेज कंपनीकडे शिल्लक असतो. फ्री प्लॅनमध्ये फक्त मागच्या 90 दिवसांचे मेसेज दिसतात आणि एक वर्षापेक्षा जुने कायमचे डिलीट होतात.

झेनडेस्कमध्ये काय होतं?

डिलीट केलेलं तिकीट लगेच नाहीसं होत नाही. ते 30 दिवस डिलीट केलेल्या तिकिटांच्या यादीत राहतं आणि तोपर्यंत परत आणता येतं. त्यानंतर मात्र ते कायमचं जातं. पूर्ण तिकीट काढायचं नसेल, तर परवानगी असलेला माणूस त्यातला नंबर किंवा फाईल तेवढी पुसू शकतो. याला रिडॅक्शन म्हणतात. एक लक्षात ठेवा, तिकिटाचा मजकूर कोणाला ईमेलने गेला असेल, तर तो त्यांच्या इनबॉक्समध्ये तसाच राहतो.

चूक झालीच तर हे करा

1. चॅटमधला मेसेज डिलीट करा.
2. त्यावरून तिकीट बनलंय का ते शोधा.
3. लपवू नका, टीम लीड किंवा ॲडमिनला लगेच सांगा आणि रिडॅक्शन करून घ्या.
4. ईमेल कोणाकोणाला गेला ते विचारा.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ग्राहकाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. कायद्याने जपून ठेवावी लागणारी माहिती याला अपवाद आहे. पण एखादी प्रत कुठे आहे हेच कंपनीला माहीत नसेल, तर ती पुसणार कशी?

मी टीम लीडला सांगितलं आणि फोटो तिकिटातून निघाला. तेव्हापासून चॅटवर काही टाकण्याआधी एकच विचार करतो: याची कॉपी अजून कुठे जाईल?